मळीचा ढीग आणि अप्पांचे गुडघे

माझ्या अंगाला वास येतो असं आमच्या घरात कुणी कधी म्हटलं नाही. मी आलो की फक्त खिडक्या उघडायच्या. भर थंडीतसुद्धा. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांना एवढंच सांगितलं होतं की मुलगा साखर कारखान्यात आहे. साखर म्हटलं की माणसाला पांढरं काहीतरी दिसतं. मी कारखान्याच्या काळ्या बाजूला आहे हे त्यांना पहिल्या दिवाळसणाला कळलं, आणि त्यांनी मला उटणं जरा जास्तच लावायला सांगितलं.

माझं खातं मळीचं. उसाचा रस काढला की तो चुना आणि गंधक घालून साफ करतात, गाळतात, आणि गाळणीवर जो काळा, ओला, चिकट गाळ उरतो त्याला आमच्याकडे मळी म्हणतात. साखरेच्या उरलेल्या काळ्या पाकालाही काही लोक मळीच म्हणतात. त्या मळीची दारू होते, त्यामुळे तिला समाजात मान आहे. माझी मळी ती नव्हे. माझ्या मळीवर माशा बसतात आणि गळीत हंगामात तिचे डोंगर उभे राहतात. तिच्यात बगॅसची म्हणजे उसाच्या चोथ्याची राख, डाळ मिलचं टरफल, कापूस जिनिंगचा कचरा आणि शेण थराथरानं घालून, पाणी मारून, अधूनमधून पलटी देऊन जे खत होतं, ते जमिनीला आईच्या दुधासारखं असतं. हे वाक्य मी नोकरीभर गावोगाव म्हणत आलो आणि लोक माझ्याकडं बघून नाक दाबत आले. तोंडावर ते मला 'मळीसाहेब' म्हणत. माघारी काय म्हणत ते दिवाळी अंकात लिहिण्यासारखं नाही.

माणसं मात्र एकेक भेटली. हदगावकडं एक कापूसवाला शेतकरी होता. त्यानं मोठ्या हौसेनं खताची ट्रॉली उतरवून घेतली, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली आणि कुलूप लावलं. पुढच्या वर्षी गेलो तर कुलूप तसंच. म्हटलं, "अहो, रानात कधी टाकणार?" तर म्हणाला, "साहेब, तुमीच म्हनले ना सोनं हाय? मंग सोनं कुनी रानात फेकते का?" नांदेडात एक निवृत्त अधिकारी गॅलरीतल्या गुलाबांसाठी बिनवासाचं खत मागत होते. मी दिलं, कारण पुरतं कुजलेल्या खताला वास नसतोच, पावसानंतरच्या रानासारखा मातकट गंध असतो फक्त. त्यांनी ते परत केलं. वासच नाही तर त्यात दम काय असणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

एक खंतही सांगून टाकतो. लोकांना दम नसायचा. गरम, कच्ची मळीच ट्रॉलीनं नेऊन रानात पसरायचे, बियाणं करपायचं, आणि मग वर्षभर माझा उद्धार व्हायचा. ढीग कुजून थंड होईपर्यंत थांबायचं, एवढी साधी गोष्ट मी फार थोड्या लोकांना पटवू शकलो. महानंदाबाई त्यातल्या एक. हा सगळा प्रपंच त्यांच्याच ढिगाची गोष्ट सांगण्यासाठी मांडलाय.

देवणीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून त्यांचं गाव. नवरा वारला, मुलगी उदगीरला दिलेली, आणि वाटणीत बाईंच्या पदरात दोन एकर चोपण जमीन पडलेली. चोपण म्हणजे खारवट. पावसाळ्यात पाय रुतेल असा चिखल, उन्हाळ्यात वीट, आणि वर पांढरा थर, जसं कुणी मीठ पेरून गेलंय. गावात त्या रानाला 'टक्कल' म्हणत. शेजारचं काळंभोर रान थोरले दीर विश्वनाथअप्पांच्या वाट्याला गेलं होतं. वाटणी अप्पांनीच केली होती हे वेगळं सांगायला नको.

बाई कारखान्यावर आल्या त्या थेट माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, टकलावर क्यास उगवतील का?"

मी म्हटलं, "एका वर्षात जावळ येईल. पण खत, पाणी निघायला चर आणि पावसाळ्यात हिरवळीचं पीक, तिन्ही करावं लागेल. आणि थांबावं लागेल."

"थांबते की. येळवसेपर्यंत काय तर उभं राहील का तेवढं सांगा. पुढल्या येळवसेपर्यंत."

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. लातूरकडच्या माणसाला ती सांगावी लागत नाही, पण इतरांसाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं गावं ओस पडतात, बाजारपेठा बंद होतात आणि सगळी माणसं रानात असतात. उभ्या पिकात कडब्याची कोप, म्हणजे खोपट, घालायची, पूजा मांडायची, आंबील शिंपत रानाला फेरी मारायची, आणि मग शेंगाभाज्यांची मिसळ भज्जी, ज्वारी-बाजरीच्या पिठाचे उंडे आणि ताकातली आंबील असं जेवण. ज्याचं रान तो यजमान. वाटेनं जाणारा अनोळखी माणूससुद्धा हाताला धरून बसवायचा. उभं पीक मात्र पाहिजे. टकलावर कोप कशाची घालणार आणि पूजा कशाची मांडणार? त्यामुळं बाई दर येळवसेला दिराच्या रानात जायच्या, सगळ्यांसाठी राबायच्या आणि शेवटी पाहुण्यासारख्या एका कडेला बसून जेवायच्या.

"मला एकदा माझ्या रानात भज्जी करायचीय," त्या म्हणाल्या. "चार मान्सं जेवली पायजेत. माझी म्हनून."

बस, एवढंच. इतकी वर्षं लोकांनी माझ्याकडं एकरी उतारा मागितला होता, भज्जीसाठी मळी कुणी मागितली नव्हती. मी तिथंच ट्रॉल्या मंजूर केल्या.

हंगाम सुरू होताच गफूरभाईंचा ट्रॅक्टर घेऊन गेलो. गफूरभाई आमचे जुने चालक. रानात ट्रॉली आत जाईना, म्हणून गाडीवाटेला लागून, अप्पांच्या बांधाशेजारी ढीग घालायचं ठरलं. पहिली ट्रॉली उपडी झाली आणि अप्पा आले. उंच माणूस, पांढरं धोतर, गळ्यात लिंग, हातात काठी. गुडघ्यांनी बेजार. दोन पावलं टाकली की 'शिवा शिवा' म्हणत.

"साहेब, त्यास्नी सांगा," बाभळीआड पदर ओढून उभ्या असलेल्या महानंदाबाईंकडं न बघता अप्पा म्हणाले, "कारखान्याची घान माझ्या बांधाला नको. वास यायलाय."

बाई माझ्यापासून हाताच्या अंतरावर. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तरी माझ्याकडं बघत राहिल्या. गफूरभाईंनी कानात सांगितलं, "साब, भावजय जेठ से बात नै करती इधर. आप बोलो." धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी तोंडानं बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. बाई लग्न होऊन घरात आल्या तेव्हापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. वाटणीसुद्धा तिसऱ्याच्या तोंडून झाली होती.

मी मान वळवून म्हणालो, "बाई, घाण नको म्हणतायत."

"साहेब, त्यास्नी सांगा, वास चार दिसाचा ऱ्हातो. रान जलमाचं हाय."

मी मान दुसरीकडं वळवली. "अप्पा, वास चार दिवसांचा, म्हणतायत."

"ऐकलंय मी," अप्पा म्हणाले. "त्यास्नी सांगा, मी भैरा न्हाई."

असा तासभर गेला. संध्याकाळी माझी मान दुखत होती, पण ढीग पडला होता. पोत्यानं टरफलं, राख, देवणी गाईंचं शेण, सगळं थराथरानं लागलं. दहा-पंधरा दिवसांत ढीग पेटला. म्हणजे जाळ नव्हे. आतले जिवाणू कामाला लागले की ढीग इतका तापतो की आत खोलवर हात घालवत नाही. थंडीत सकाळी त्यातून वाफा निघायच्या.

अशात येळवस आली. अप्पांच्या रानात मलाही आमंत्रण होतं. रीत मोठी असते, भांडण तिच्या आड येत नाही. जेवणं झाली. अप्पांनी आंबील ओतून ओतून घेतली होती. वारा झोंबत होता. ते बांध ओलांडून ढिगाची तक्रार करायला म्हणून गेले, वाऱ्याच्या आडोशाला ढिगाला टेकले, आणि घोरू लागले.

उन्हं कलल्यावर ते उठले. कुणाचा हात न धरता उठले. काठी ढिगातच राहिली आणि अप्पा चालत पंगतीपर्यंत आले. कुणीतरी म्हणालं, "अप्पा, काठी?" अप्पांनी हाताकडं बघितलं, गुडघ्याकडं बघितलं, आणि मग ढिगाकडं अशा नजरेनं बघितलं, जशी त्यांनी वाटणीच्या वेळी काळ्या रानाकडं टाकली असावी.

दुसऱ्या दिवशी अप्पा पहाटेच ढिगावर. तिसऱ्या दिवशी सोबत त्यांचे दोन मित्र. मग कुणीतरी मोबाईलवर चित्रफीत टाकली. मी पलटी द्यायला गफूरभाईंना घेऊन पुढच्या आठवड्यात गेलो, तर गाडीवाटेवर उदगीरच्या, निलंग्याच्या जीपा उभ्या. चहाची टपरी. नारळाची टपरी. नारळ कशाला, हे नारळवाल्यालाही सांगता येईना, पण विकला जात होता. आणि ढिगावर, चहूबाजूंनी, पोती अंथरून, पाय मळीत पुरून माणसं बसलेली. कुणी कमरेपर्यंत, कुणी गुडघ्यापर्यंत. एका आजीबाईंचं फक्त डोकं दिसत होतं आणि त्या सुपारी कातरत होत्या. कसं, ते मला आजही उमगलेलं नाही.

व्यवस्था एका निवृत्त हेडमास्तरांनी हातात घेतली होती. ते शिट्टी वाजवत. शिट्टी वाजली की सगळे पेशंट एकदम कूस बदलत. मी ढिगाला पलटी द्यायला आलो होतो. ढीग जागच्या जागी होता आणि पलट्या पेशंटांना चालल्या होत्या.

"गुडघ्याला उगवतीची बाजू," हेडमास्तरांनी मला समजावलं. "कमरेला मावळतीची. मानेचे पेशंट वर. तुम्हाला काय आहे?"

"मला पलटी द्यायची आहे."

"नंबरानं या."

मी माझा लांब दांड्याचा थर्मामीटर काढून ढिगात खुपसला. सुपारीवाल्या आजींनी विचारलं, "ताप हाय का रं त्याला?" मी आकडा सांगितला तशी गर्दीतून समाधानाची कुजबुज झाली. औषध चढायलंय म्हणे.

गफूरभाईंनी ट्रॅक्टर पुढं घेतला. एकही माणूस उठला नाही. "साब, ये लोगां उठते नै," ते म्हणाले आणि इंजिन बंद करून बिडी पेटवली. मी ओरडून सांगितलं की ढिगाला हवा लागली नाही, तर आतून आंबेल, अर्धवट कुजेल, रानात टाकण्याच्या लायकीचा राहणार नाही. ढिगाच्या शेंड्यावरून अप्पा म्हणाले, "साहेब, पेशंटला हालवू नये." हाच माणूस महिन्यापूर्वी घाण उचला म्हणत होता. आता घाणीचा व्यवस्थापक झाला होता.

महानंदाबाई बाभळीखाली उभ्या होत्या. त्यांच्याकडं बघवेना. खत बिघडलं की पावसाळा हुकणार, पावसाळा हुकला की येळवस हुकणार.

तेवढ्यात कारखान्याच्या मोठ्या साहेबांचा फोन आला. "आपल्या मळीवर लोक उपचार घेतायत असं फिरतंय. आपल्याकडं परवाना कशाचा आहे?"

"खताचा, साहेब."

"मग माणसं खाली उतरवा."

दुसऱ्या दिवशी परत त्यांचाच फोन. आवाज जरा खाली. त्यांच्या आईंचे गुडघे फार दुखतात, सकाळची वेळ मिळेल का? एक पुढारी मान घेऊन आले, गळ्यापर्यंत पुरून घेतलं आणि त्याच अवस्थेत दोन शब्द बोलले. उदगीरचे एक हाडांचे डॉक्टर मफलर गुंडाळून आले. मी ओळखलं. "मी फक्त निरीक्षणाला आलोय," ते म्हणाले. थोड्या वेळानं बघितलं तर मावळतीच्या बाजूला आडवे होऊन निरीक्षण चाललं होतं.

त्या संध्याकाळी बाईंनी मला विचारलं, "साहेब, पलटी म्हंजे नेमकं काय? आतलं भाईर, भाईरचं आत, आन् वरून पानी. हेच ना?"

"हेच."

"टॅक्टरच पायजे असं न्हाई?"

"माणसांनी केली तर अजून बरी. पण एवढी माणसं कोण देणार?"

बाई ढिगाकडं बघून पहिल्यांदा हसल्या.

सकाळी अप्पा आल्याबरोबर त्या बाभळीखाली येऊन उभ्या राहिल्या. "साहेब, त्यास्नी सांगा. शिळ्या खड्ड्यात बसलं की गुडघा धरतो. ऊब ताजी पायजे. रोज सोताच्या हातानं नवा खड्डा काडावा, काडलेलं पल्याडच्या अंगाला टाकावं, आन् बसायच्या आदी दोन घागरी पानी शिंपावं. मंग गुन येतो."

मी तोंड सरळ ठेवून निरोप पोचवला. अप्पा विचारात पडले. नंतर ढिगावर चढून त्यांनी जाहीर केलं, "ऐका! रातभर इचार केला मी. शिळी ऊब आंगाला लागत न्हाई!" आणि पुढचं सगळं स्वतःचं म्हणून सांगितलं. हेडमास्तरांनी शिट्टी वाजवली.

मंडळी, मी नोकरीत मोठमोठी यंत्रं बघितली, पण त्या माघ महिन्यात जे बघितलं ते पुन्हा दिसायचं नाही. ज्यांना गुडघ्यामुळं जिना चढवत नव्हता अशी माणसं टिकाव-फावडं मारत होती. उगवतीची मळी मावळतीला, पोटातली पाठीवर. म्हाताऱ्या घागरी वाहत होत्या. दोन पेशंट एकमेकांशी भांडत होते की माझ्या खड्ड्यात तू कमी पाणी मारलंस. डॉक्टर घामाघूम. पुढाऱ्यांच्या वतीनं त्यांचे कार्यकर्ते खणत होते. गफूरभाई ट्रॅक्टरखाली सावलीत झोपले होते. आणि गंमत अशी की बऱ्याच जणांना खरंच बरं वाटू लागलं. रोज इतकं खणल्यावर कुणालाही वाटेल.

खत असं झालं की मूठभर घेऊन दाबलं तर लाडू व्हावा आणि सोडलं तर रवा. आमच्या कारखान्याच्या आवारात एवढं चांगलं कधी झालं नाही.

पण खत तयार झालं याची खूण काय? ढीग थंड पडतो. जिवाणूंचं काम संपलेलं असतं. शिमग्याच्या सुमाराला ढीग गार झाला आणि गर्दीत नाराजी पसरली. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं बाईमाणसांची वेळ वेगळी ठेवायला हवी होती. हेडमास्तरांनी 'गुण उतरला' असा निर्वाळा दिला आणि शिट्टी खिशात घालून गावी गेले. जीपा बंद झाल्या. टपऱ्या उठल्या. आठवड्याभरात तिथं चिटपाखरू राहिलं नाही.

अप्पा राहिले.

चैत्र लागला. लातूरकडचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको, पत्र्यावर पापड भाजून निघावा. अशा उन्हात अप्पा गार ढिगाच्या शेंड्यावर छत्री धरून बसलेले. उबेची गरज आता कुणालाच नव्हती. मी, गफूरभाई आणि ट्रॅक्टर खाली उभे. खत पसरायचं, पावसाआधी रानात मिसळायचं, वेळ थोडा.

"साहेब, त्यास्नी सांगा," बाई म्हणाल्या, "उठा म्हनावं."

"अप्पा, उठा म्हणतायत."

"त्यास्नी सांगा, माझ्या गुडघ्याला आजून गुन लागायलाय."

"साहेब, त्यास्नी सांगा, ढीग गार पडून पंधरा दिस झाले."

"त्यास्नी सांगा, मला ऊन सोसत न्हाई, गारच बरा वाटतो."

घामानं माझा सदरा अंगाला चिकटला होता. मान भरून आली होती. आणि माझं डोकं सरकलं. "मी मळीचा माणूस आहे," मी म्हणालो, "निरोप्या नाही! इथून पुढं जे सांगायचं ते एकमेकांना सांगा." आणि जाऊन ट्रॅक्टरच्या पलीकडं पाठ करून उभा राहिलो.

गफूरभाईंनी बिडी काढली आणि न पेटवता परत ठेवली. मग बाईंचा आवाज आला.

"अप्पा. तुमी टक्कल माझ्या पदरात घातलंव, मी घेतलं. भांडले न्हाई. तुमच्या रानात दर येळवसेला जेवले, त्या मिठाला जागले. आता मला माझ्या रानात चार मान्सं जेवू घालायचीत. तुमी हितं बसून ऱ्हायलाव तर मी त्यास्नी कुठं बसवू?"

मी वळून बघितलं. अप्पांचा चेहरा असा झाला होता, जणू ढिगानंच बोलायला सुरुवात केली होती. ते उठले. छत्री ढिगात रोवलेली राहिली. खाली आले, माझ्यासमोर थांबले आणि म्हणाले, "साहेब, त्यास्नी सांगा, छत्री तेवढी पाठवून द्या म्हनावं."

गफूरभाईंनी ट्रॅक्टर सुरू केला. अप्पा मला बांधावर घेऊन गेले. त्यांचं चालणं पूर्वीसारखंच होतं, दोन पावलं आणि 'शिवा शिवा'.

"गुडघे कदीच बरे झाले न्हवते," ते म्हणाले.

"मग बसलात कशाला?"

"हितं रोज पन्नास मान्सं इचारायची, अप्पा, आज कसं वाटायलंय? घरात कोन इचारतंय, साहेब? पोरं पुन्याला. मी सांगायचो, आज जरा बरं हाय. सांगायला कोन तर होतं."

वाटणीत काळं रान घेणाऱ्या त्या माणसाचा मला राग होता. तो राग त्या दिवशी माझ्या हातून सुटला, आणि मला त्याचं वाईट वाटलं.

खत पसरलं. पाणी काढायला चर खणला. पावसाळ्यात हिरवळीचा धैंचा पेरून तो फुलोऱ्याआधी रानातच गाडला. दरम्यान निरोप पुन्हा सुरू झाले, आता मोबाईलवर. अप्पा लातूरला मला फोन करायचे, "त्यास्नी सांगा, चर वाकडा खांदलाय." मी बाईंना फोन करायचो. दोघांच्या घरांत एकच भिंत, पण बोलणं लातूरवरून फिरून जायचं. त्याच पावसाळ्यात मी निवृत्त होऊन लातूरला घरी बसलो तरी ही ड्यूटी सुटली नाही.

आणि येळवस आली. बाईंचं रान काही कुणाला हेवा वाटावा असं नव्हतं, खोटं कशाला सांगू? हरभरा रुसला होता. मधे मधे पांढरे चट्टे होते. करडई मात्र जोमात आणि ज्वारी कमरेला लागत होती. एकेका जागी तर छातीला. कोप उभी होती. बाईंनी फेरी स्वतः मारली, आंबिलीचा तांब्या घेऊन, चट्ट्यांवरसुद्धा शिंपत.

चार माणसांचा स्वयंपाक म्हणाल तर चार भगुणी होती, आणि तीही पुरतील का याची मला शंका वाटू लागली, कारण जुने पेशंट जीपा करकरून आले होते. ज्वारीत हिंडून जो तो आपली जागा शोधत होता. "ही माझ्या खड्ड्याची आहे, बघा कणीस!" हेडमास्तर म्हणत होते. डॉक्टर या वेळी मफलर न घालता आले होते. सुपारीवाल्या आजींनी आपल्या जागचं ज्वारीचं ताट हलवून बघितलं आणि मळी बरी मुरलीय असा निकाल दिला. पंगत बसली. बाई वाढत होत्या. यजमानीण म्हणून. त्यांचे डोळे भरलेले होते आणि त्या धुराला दोष देत होत्या.

अप्पा आपल्या रानातली पूजा लवकर उरकून बांधावर येऊन उभे होते. आत येत नव्हते. रानाच्या मालकानं बोलावल्याशिवाय येळवसेला कुणी बसत नाही, आणि मालक कोण हे आता त्यांनाही ठाऊक होतं. बाईंनी भज्जीचं भगुणं खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि बांधाकडं बघून हाक मारली, "अप्पा, या. बसा."

अप्पा आले, माझ्याशेजारी बसले. गुडघा वाकवताना मला त्यांचा दात आवळल्याचा आवाज आला. बाईंनी वाढलं. अप्पा खाली मान घालून जेवले. ताट साफ झालं.

बाई पळी घेऊन समोर उभ्या राहिल्या. "आनखी वाढू का?"

सवयीनं अप्पांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडात अख्खा उंडा होता. मी दोन्ही हात वर केले आणि बोलता येत नाही असं खुणेनं सांगितलं. पंगतीत सगळे थांबले. अप्पांनी माझा घास संपायची थोडी वाट बघितली. मी चावायचा थांबलो.

मग त्यांनी ताट पुढं सरकवलं, वर बघितलं आणि म्हणाले, "वाढ गं माय."